बीजभत्त, पाभत, भत्तवेतन : राज्याच्या देण्याचा एक जुना विचार

राज्याच्या तिजोरीतून प्रजेकडे जे धन जाते त्यास आज अनुदान, सवलत, साहाय्य, शिष्यवृत्ती अशी निरनिराळी नावे आहेत. १९९१ साली देशाच्या अर्थव्यवहाराची फेरमांडणी सुरू झाली, तेव्हापासून या देण्याविषयी एक विशिष्ट भाषा सुशिक्षितांत रूढ झाली. त्या वर्षीच्या जुलैमधील अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविण्याचा प्रस्ताव आला; विरोध झाल्यावर ही वाढ ३० टक्क्यांवर आणण्यात आली. पुढे मे १९९७ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अनुदानांविषयी एक चर्चापत्र काढले. केंद्र व राज्ये मिळून १९९४-९५ या वर्षी दिलेली प्रकट व अप्रकट अनुदाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या १४.४ टक्के भरतात, असा हिशेब त्यात मांडला होता आणि या अनुदानांची 'मेरिट' व 'नॉन-मेरिट' अशी विभागणी केली होती. प्राथमिक शिक्षण पहिल्या वर्गात बसले. त्यापुढील शिक्षण दुसऱ्या वर्गात गेले. ज्या समाजाची पहिली पिढी नुकतीच महाविद्यालयाच्या पायऱ्या चढत होती, त्या समाजाने ही विभागणी लक्षपूर्वक वाचावयास हवी होती. फारशी वाचली गेली नाही.

आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नाही. आमचा अभ्यास पालि वाङ्मयाचा व प्राचीन लेखांचा. तथापि राज्याने कोणास द्यावे, किती द्यावे, दिलेले परत मागावे की नाही आणि देण्याने माणूस आळशी होतो काय, हे प्रश्न आजचे नव्हेत. दीघनिकायात ते स्पष्टपणे विचारले गेले आहेत व त्यांची उत्तरेही तेथे आहेत. ती उत्तरे मुळातून पाहावीत आणि आपल्याच प्रदेशातील लेखांशी ताडून घ्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पालि ग्रंथांत श्रमण-ब्राह्मणांना पुण्यबुद्धीने जे दिले जाते ते 'दान'. पण राजा प्रजेला जे देतो त्यासाठी या दोन सुत्तांत 'अनुप्पदेति' हे क्रियापद योजिले आहे. अनु, प आणि दा यांपासून ते बनले आहे. मागोमाग देणे, पुरवीत राहणे, असा त्याचा भाव. आपल्या 'अनुदान' शब्दात हाच 'अनु' आहे. मात्र व्यवहारात आपण 'अनु' विसरलो आणि 'दान' तेवढे लक्षात ठेवले. त्यामुळे देणारा दाता ठरला आणि घेणारा याचक.

कूटदन्त सुत्ताची कथा बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. मगधातील खाणुमत हे ब्राह्मणग्राम बिंबिसार राजाने कूटदन्त ब्राह्मणास ब्रह्मदेय म्हणून दिलेले होते. हे गाव गवत, लाकूड, पाणी व धान्य यांनी समृद्ध होते. कूटदन्ताने महायज्ञ योजिला आणि त्यासाठी सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बोकड व सातशे मेंढे यूपांना बांधून ठेवले. यज्ञाचा विधी विचारण्यास तो भगवंतांकडे आला. या प्रसंगी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. कूटदन्ताचा यज्ञ त्याच्या स्वतःच्या कष्टावर उभा नव्हता. राजाने एका गावाचा महसूल एका व्यक्तीकडे वळविला होता. तो यज्ञ त्या महसुलावर उभा होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते हस्तांतरित उत्पन्नच होते. राज्याच्या देण्याविषयीचा उपदेश अशा गावात व्हावा, यात सुत्तकाराचा काही हेतू असावा असे आम्हांस वाटते.

भगवंत त्यास महाविजित राजाची कथा सांगतात. हा राजा ऐतिहासिक नव्हे. कथेची धाटणी जातकाची आहे, आणि त्या राजाचा पुरोहित आपणच होतो असे भगवंत शेवटी सांगतात. राजाचे भांडार भरलेले आहे, पण राज्यात चोरी व लूटमार माजली आहे. राजाला यज्ञ करावयाचा आहे. पुरोहित त्याला तीन गोष्टी सांगतो. अशा स्थितीत नवा बळी, म्हणजे कर, बसविणे हे राजाचे अकृत्य होईल. वध, बंधन, दंड, हद्दपारी यांनी चोरांचा उपद्रव मुळातून निघणार नाही. जे उरतील ते पुन्हा राज्याला पीडा देतील. उपाय एकच आहे. जे शेती व गोपालन यांत उत्साहाने झटतात त्यांना बीजभत्त द्यावे, जे व्यापारात झटतात त्यांना पाभत द्यावे आणि जे राजसेवेत झटतात त्यांना भत्तवेतन द्यावे. मग लोक आपापल्या कामात गढून जातील, राज्याला पीडा देणार नाहीत, आणि राजाचा महसूलही वाढेल.

बीजभत्त म्हणजे बियाणे व पोटाला अन्न. भत्त म्हणजे आपला भातच. नुसते बियाणे दिले तर उपाशी कुणबी ते पेरण्याऐवजी खाऊन टाकील, हे त्या पुरोहितास कळत होते. कितीतरी आधुनिक योजनाकारांना ते कळलेले नाही. पाभत म्हणजे व्यापाराचे भांडवल. चुल्लसेट्ठि जातकात मेलेल्या उंदरापासून सुरुवात करून धनवान झालेल्या तरुणाची कथा येते, तेथेही हाच शब्द आहे. भत्तवेतनाचा अर्थ सांगावयास नको.

या तीन शब्दांवर पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत जे भाष्य केले आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. दिलेले बियाणे व अन्न पुरले नाही, तर ते पुन्हा द्यावे आणि शेतीची अवजारेही द्यावीत, असा अर्थ ते करतात. 'अनु' चा अर्थ येथे उघड होतो. पाभताविषयी ते आणखी पुढे जातात. साक्षीदार न ठेवता, पत्रावर न लिहिता, मूळ रक्कम परत न घेण्याच्या बोलीने भांडवल द्यावे, असे ते सांगतात. म्हणजे हे कर्ज नव्हे. सावकाराच्या खतावर अंगठा उमटवून ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तरीही या सुत्ताची मर्यादा लपवून चालणार नाही. बौद्ध लेखकांत अलीकडे कूटदन्त सुत्तास समाजवादाचा जाहीरनामा म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. पुरोहित तीन वर्गांची नावे घेतो : शेतकरी, व्यापारी आणि राजसेवक. ज्याला जमीन नाही, भांडवल नाही आणि राजाच्या सेवेतही जागा नाही, त्या दास-कम्मकरांचा उल्लेख या यादीत नाही. यज्ञाच्या वर्णनात ते येतात. तेथे त्यांना दंडाचा धाक न घालता, इच्छेप्रमाणे काम करू दिले, असे म्हटले आहे. ही मोठीच गोष्ट आहे, पण बीजभत्ताच्या तोडीची नव्हे.

ही उणीव चक्कवत्तिसीहनाद सुत्तात भरून निघते. तेथे चक्रवर्ती राजाच्या कर्तव्यांत पशुपक्ष्यांच्याही रक्षणाचा समावेश आहे आणि राज्यात जे अधन असतील त्यांना धन पुरवावे, असे स्वतंत्र कर्तव्य सांगितले आहे. येथे कसब विचारलेले नाही, व्यवसाय विचारलेला नाही. धन नाही, एवढीच पात्रता. पुढे एका राजाने रक्षणाची व्यवस्था केली, पण धन पुरविले नाही. दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. पहिला चोर पकडून आणला तेव्हा राजाने कारण विचारले; जगण्याचे साधन नाही, असे त्याने सांगितले. राजाने त्याला धन दिले. ही वार्ता पसरली. चोरी केली की राजा धन देतो, असे समजून आणखी लोक चोरी करू लागले. तेव्हा राजा घाबरला आणि पुढच्या चोराचा त्याने शिरच्छेद करविला. मग लोकांनीही शस्त्रे घडविली, आणि लुटलेल्याला जिवंत न सोडण्याची रीत पडली. त्यातून खोटे बोलणे आले, आयुर्मान ऐंशी हजार वर्षांवरून चाळीस हजारांवर घसरले, आणि घसरतच गेले.

अनुदानाने माणूस बिघडतो असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप येथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत पूर्ण मांडलेला आहे. सुत्तकाराने तो नाकारलेला नाही. देण्याने चोरी वाढली, हे तो स्वच्छ सांगतो. परंतु दोष कशाचा, हे पाहिले पाहिजे. राजाने सर्व अधनांना आधी द्यावयाचे ते न देता, एकेकास, गुन्हा घडल्यावर, समोर उभा राहिला म्हणून दिले. हक्काचे देणे थकविले आणि त्याच्या जागी लहरीचे देणे ठेवले. निवडणुकीच्या तोंडावर वाटल्या जाणाऱ्या वस्तूंना आमच्या मते हाच न्याय लागू पडतो. त्यांचा दोष काढणाऱ्यांनी थकलेल्या देण्याविषयीही बोलले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात याच सुत्ताचा विस्ताराने आधार घेतला, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे. हा निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १९८७ साली तो वाचकांपुढे आला.

सुत्ते आदर्श सांगतात; प्रत्यक्षात काय होते ते शिलालेखांत व ताम्रपटांत शोधावे लागते. बांगलादेशातील महास्थान येथे १९३१ साली मौर्यकालीन ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख सापडला. पुंड्रनगरच्या महामात्रास दिलेली ती आज्ञा आहे : संकटात सापडलेल्या लोकांना कोठारातून धान्य व नाणी द्यावीत, आणि सुस्थिती आल्यावर कोठार पुन्हा भरून घ्यावे. त्या लोकांच्या नावाच्या वाचनाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आज्ञेच्या आशयाविषयी फारसे नाहीत. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा ताम्रपटातही आपत्काळासाठी राखलेल्या दोन कोष्ठागारांची गोष्ट आहे. हे बीजभत्त खरे, पण परतफेडीचे. इंग्रजी अमदानीत १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी जी तगाई दिली जाई, तिच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

अशोकाच्या लेखांत हे देणे अधिक बारकाईने येते. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर तो लुंबिनीस गेला, गाव बळीमुक्त केले आणि उत्पन्नातील राजाचा भाग आठवा ठेवला. पाचव्या शिलालेखात धर्ममहामात्रांना अनाथ व वृद्ध यांच्या हितासाठी नेमल्याचे सांगून कैद्यांचाही विचार केला आहे; कोणाला लेकरेबाळे आहेत, कोण म्हातारा आहे, हे पाहून त्यांना साहाय्य द्यावे, असे म्हटले आहे. आठव्या शिलालेखात शिकारीच्या सहलींऐवजी धर्मयात्रा सुरू केल्याचे व त्या यात्रांत वृद्धांना सोने वाटल्याचे नमूद आहे. याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास मिळाला. वृद्धांना राज्याने काही द्यावे, हा विचार कोकणच्या किनाऱ्यावर दगडात कोरला गेल्याला बावीस शतके होऊन गेली. आणि हाच अशोक तिसऱ्या शिलालेखात अल्प व्यय व अल्प संचय यांची स्तुती करतो, हेही विसरू नये. काटकसर आणि देणे यांत त्याला विरोध दिसला नाही.

महसूल घेताना मापारी कसा असावा, याविषयी कुरुधम्म जातकात एक सुंदर प्रसंग आहे. राजाचा भाग मोजणारा दोणमापक कोठाराच्या दारी बसला असता पाऊस आला. खुणेसाठी ठेवलेले दाणे त्याने घाईने एका राशीत लोटले आणि आत पळाला. मग त्याला शंका आली : ते दाणे मोजलेल्या राशीत पडले की न मोजलेल्या? मोजलेल्यात पडले असतील तर राजाचे धन अकारण वाढले आणि कुणब्याचे घटले. मूठभर दाण्यांची ही टोचणी! आमच्याकडील तलाठी व रेशन दुकानदार यांच्या शिक्षणक्रमात हे जातक असावयास हरकत नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनातील कोष्टी श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब तंतोतंत जुळतो. निगमसभेत ही व्यवस्था ऐकविली गेली आणि दफ्तरी नोंदली गेली. एकाच रकमेतून भिक्षूंना वस्त्र आणि विणकरांना भांडवल, अशी ही दुहेरी योजना आहे. विणकरांना ते भांडवल व्याजी मिळाले, हे मात्र खरे. बुद्धघोषांच्या पाभताची ही बरोबरी नव्हे.

त्याच डोंगरावर गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख आहेत. अठराव्या राज्यवर्षी त्याने अपरकखडी गावातील २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले व त्याला राजपुरुषांच्या प्रवेशापासून, मिठासाठी खोदण्यापासून व इतर उपद्रवांपासून मुक्त केले. चोविसाव्या वर्षीच्या लेखात राजा व राजमाता सांगतात की कखडी गाव वसत नाही आणि शेत कसले जात नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने देण्यात यावीत. सहा वर्षे ते देणे कागदावरच होते, असे म्हणावे लागते. पण राज्याने ते तपासले, चूक कोरून जाहीर केली आणि बदलून दिले. क्षेत्र मात्र निम्मे झाले.

येथे वाचक विचारतील की, संघाला मिळालेली ही शेते आणि कूटदन्ताचे ब्रह्मदेय यांत भेद तो काय? प्रश्न रास्त आहे, व आमच्या परंपरेचा म्हणून तो टाळणे उचित नाही. करमुक्त भूमीचा भार कोणावर तरी पडतोच, मग ती भिक्षूंना दिलेली असो की ब्राह्मणांना. भेद असलाच तर प्रमाणाचा व परिणामाचा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात आजच्या अमरावती जिल्ह्यातील चर्मांक हे गाव ८००० भूमी मापाचे एक हजार ब्राह्मणांना दिले आहे. राजद्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांवर हल्ला करू नये, अशा अटीही त्यात आहेत. अशा अटी घालाव्या लागल्या यावरून देणे घेणाऱ्यांचे बळ किती वाढले होते याचा अंदाज येतो. गुप्त-वाकाटक काळापासून राज्याचे देणे अधनांकडून हटून अशा घराण्यांकडे वंशपरंपरेने स्थिर होत गेले.

आणि ज्यांच्या श्रमावर गाव चाले त्यांचे काय? महार वतन हे त्याचे उत्तर होय. सरकारी काम रात्रंदिवस करावयाचे, पण वेतन तिजोरीतून नाही. थोडी हाडोळ्याची जमीन आणि गावकऱ्यांनी मनात येईल तेव्हा घातलेले बलुते. भत्तवेतनातील वेतन काढून घेऊन भत्त तेवढे, तेही शिळे, ठेवले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती सरकारने वसूल करावी व नोकरास द्यावी, हा त्यातील एक मुख्य आग्रह होता. ते विधेयक संमत झाले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. राजपोरिसाला वेतन राजाने द्यावे, ही महाविजिताच्या पुरोहिताची साधी गोष्ट मान्य व्हावयास इतका काळ लागला.

राज्याच्या जमाखर्चाकडे बाबासाहेबांची दृष्टी प्रथमपासून होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. जमीन महसूल व मीठ यांसारख्या करांनी गरिबाकडून घ्यावयाचे आणि सैन्य व प्रशासन यांवर खर्चावयाचे, शिक्षण व लोकोपयोगी कामे यांना उरलेसुरले द्यावयाचे, या रीतीवर त्यांचा रोख होता. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा एवढी खाली आणली होती, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला होता. त्या राज्याने भत्तही मोजून दिले.

१९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेतीविषयी जी योजना मांडली, तीत राज्याने जमीन ताब्यात घेऊन ती जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसावयास द्यावी आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे राज्याने पुरवावे, असे म्हटले आहे. बुद्धघोषांचे भाष्य आठवावे : बियाणे, अन्न, अवजारे. बाबासाहेबांनी हा विचार तेथूनच घेतला, असे म्हणण्यास आमच्याकडे पुरावा नाही व तसे म्हणण्याची गरजही नाही. पण कूटदन्त सुत्तात जो वर्ग सुटला होता, तो भूमिहीन, या योजनेत पहिल्या स्थानी आला आहे. जुन्या विचारात ही खरी भर होय.

ती योजना घटनेत आली नाही. त्यातल्या त्यात जवळचा प्रयत्न म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्यास काम, पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारभत्ता. पैसा प्रामुख्याने शहरी नोकरदार व व्यावसायिक यांच्यावरील व्यवसाय करातून आणि तेवढ्याच सरकारी वाट्यातून. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले. खडी फोडणाऱ्या स्त्रियांना हजेरीपटावर स्वतःच्या नावाने मजुरी मिळू लागली, हे आम्ही या योजनेचे मोठे फळ मानतो. मजुरी महिनोन्महिने थकणे हा तिचा मोठा दोष; थकलेले भत्तवेतन घेऊन कोणी उत्साहाने झटत नाही.

शिष्यवृत्तीचा विषय आम्ही शेवटी ठेविला, कारण तो आमच्या वाचकांच्या घरातला आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. ते शब्दशः पाभत होते : परत मागावयाचे नाही, पुढील व्यापाराचे मूळ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या धर्माशी बांधली गेली, आणि १९५६ नंतर ज्यांनी धम्म स्वीकारला ते केंद्राच्या यादीबाहेर पडले. दारिद्र्य तेच, वस्ती तीच, गावाचा व्यवहार तोच. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील अधन या शब्दाला जी अट नव्हती, ती येथे लागली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला. मधली चौतीस वर्षे ज्या मुलांची केंद्रीय शिष्यवृत्ती बुडाली त्यांची मोजदाद कोणत्याही दफ्तरात झालेली आमच्या पाहण्यात नाही. ती मुले आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या आठवणी आमच्या तरुण अभ्यासकांनी गावोगाव जाऊन आताच लिहून घ्याव्यात.